जुनी भिंगे आणि घराजवळची सृष्टी

घराच्या सज्जातील कढीलिंबाच्या कुंडीकडे दिवसातून अनेक वेळा हात जातो. परंतु तो बहुधा फोडणीसाठी चार पाने तोडण्यापुरताच. त्याच कुंडीतील कोवळ्या पालवीवर एखाद्या सकाळी मोहरीच्या दाण्याएवढे, गोल व फिकट पिवळे अंडे चिकटलेले असते. थोड्याच दिवसांत ते फुटून त्यातून इवलीशी अळी बाहेर पडते. तिच्या अंगावर काळपट व पांढरे डाग असल्यामुळे ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, आणि म्हणूनच भुकेल्या पक्ष्याचे तिच्याकडे दुर्लक्ष होते. पुढे तीच अळी हिरवीगार होऊन पानांच्या रंगात मिसळून जाते. लिंबाच्या कुळातील झाडांवर वाढणाऱ्या काही फुलपाखरांचे हे बालपण सहस्रावधी घरांच्या दारात घडत असते, आणि ते कोणाच्याही दृष्टीस न पडता संपते.

यात पाहणाऱ्याचा सर्वस्वी दोष नाही. निरोगी मानवी डोळ्याला सुमारे २५ सेंटिमीटरपेक्षा जवळची वस्तू ताण न पडता स्पष्ट दिसत नाही. वस्तू तेवढ्या अंतरावर धरली तर तिच्या अंगावरील दशांश मिलिमीटरचे तपशील डोळ्याच्या मर्यादेवर येऊन थांबतात. मर्यादेपलीकडे जावयाचे तर भिंगाचे साहाय्य घ्यावे लागते.

असे भिंग पुष्कळ घरांत अगोदरच असते. कपाटाच्या वरच्या खणात फिल्मवर चित्रे घेणारा जुना कॅमेरा कातडी पेटीत पडून असतो. फिल्मचा व्यवहार आटोपला म्हणून तो निकामी ठरला. परंतु त्याचे भिंग निकामी झालेले नसते. काच आणि पितळ यांना जमान्याची फॅशन ठाऊक नसते. ही दोन दुर्लक्षित रत्ने, म्हणजे कुंडीतील सृष्टी आणि कपाटातील भिंग, एकत्र आणल्यास अल्प खर्चात निरीक्षणाचे एक उत्तम साधन हाती येते. ते कसे चालते, त्याच्या मर्यादा कोणत्या आणि त्याची काळजी कशी घ्यावी, याचा विचार येथे केला आहे.

जुने भिंग आणि नवा कॅमेरा

येथे जुनी भिंगे म्हणजे फोकस व छिद्र ही दोन्ही हाताने जुळवावयाची भिंगे असे समजावे. जर्मनीतील ड्रेस्डेन शहरी १९३६ मध्ये ३५ मिलिमीटर फिल्मसाठी ‘किने एक्झॅक्टा’ हा आरशाचा कॅमेरा निघाला. त्यात ज्या भिंगातून चित्र उमटते त्याच भिंगातून आरशाच्या योगे दृश्य पाहता येई. जवळच्या वस्तूंच्या छायाचित्रणाला ही सोय फार मोलाची ठरली, कारण वस्तू अगदी जवळ आली म्हणजे वेगळ्या खिडकीतून पाहिलेले दृश्य आणि भिंगाने पाहिलेले दृश्य यांचा मेळ राहत नाही. त्याच शहरात १९४९ मध्ये ‘कॉन्टॅक्स एस’ हा कॅमेरा तयार झाला. त्याच्या भिंगाला ४२ मिलिमीटर व्यासाचा व १ मिलिमीटर अंतराचा आटा होता. हाच आटा पुढे ‘एम-४२’ या नावाने जगभर पसरला, आणि जर्मनी, सोव्हिएत संघ व जपान येथील अनेक कारखान्यांनी त्या मापाची भिंगे तयार केली. १९८५ मध्ये मिनोल्टाचा ७००० हा कॅमेरा आल्यानंतर आपोआप फोकस जुळवणाऱ्या भिंगांचा प्रसार झाला आणि हाताने फिरवावयाची भिंगे मागे पडली.

त्यांना दुसरा जन्म मिळाला तो २००८ नंतर. त्या वर्षी पॅनासॉनिकचा ‘जी-१’ हा भिंग बदलता येणारा, परंतु आरसा नसलेला कॅमेरा निघाला. आरसा गेल्यामुळे झालेला लाभ आकड्यांनीच नीट समजतो. प्रत्येक कॅमेऱ्यात भिंगाची बैठक आणि प्रतिमा जेथे उमटते ते पटल यांमध्ये ठराविक अंतर असते. एम-४२ भिंगांसाठी हे अंतर ४५.४६ मिलिमीटर आहे, कारण मध्ये आरसा हलण्यास जागा हवी होती. आरसा नसलेल्या सोनी-ई जातीच्या कॅमेऱ्यात ते केवळ १८ मिलिमीटर असते. म्हणजे दोहोंमध्ये २७.४६ मिलिमीटर जाडीचे पोकळ जोडकडे बसवले की जुन्या भिंगाला आपले घर परत मिळाल्यासारखे होते. व्यवहारात या कड्याला ‘अडॅप्टर’ म्हणतात. त्यात काच नसते. असते ती फक्त अचूक मापाची धातूची नळी.

ज्यांच्यापाशी आरशाचा कॅमेरा आहे त्यांनीही निराश होऊ नये. निकॉनच्या आरशाच्या कॅमेऱ्यात हे अंतर ४६.५ मिलिमीटर असते, म्हणजे एम-४२ भिंगाच्या गरजेपेक्षा एक मिलिमीटरहून थोडे अधिक. त्यामुळे साध्या जोडकड्याने त्यावर दूरचा डोंगर स्पष्ट करता येत नाही. परंतु पानावरची अळी टिपावयाची असेल, तर भिंग मुद्दामच पुढे सरकवावे लागते. एका कामातील दोष दुसऱ्या कामात अशा रीतीने गुण ठरतो.

प्रतिमा मोठी का होते?

बहिर्वक्र भिंगाचा एक साधा नियम शाळेत शिकवला जातो. वस्तू फार दूर असता तिची प्रतिमा भिंगापासून केंद्रांतराइतक्या अंतरावर उमटते. या केंद्रांतरालाच पाठ्यपुस्तकांत नाभीय अंतर म्हणतात. वस्तू जसजशी जवळ यावी तसतशी प्रतिमा भिंगाच्या मागे दूर सरकते आणि मोठी होत जाते. म्हणून जवळची वस्तू स्पष्ट करण्यासाठी भिंग पटलापासून पुढे न्यावे लागते. फोकसचे कडे फिरवताना आटा उलगडत भिंग पुढे येते ते याच कारणाने.

किती पुढे न्यावे, याचे गणित सोपे आहे. भिंग जितके पुढे नेले त्या अंतराला केंद्रांतराने भागले म्हणजे विशालन मिळते. पटलावरील प्रतिमेची लांबी आणि वस्तूची प्रत्यक्ष लांबी यांचे गुणोत्तर म्हणजे विशालन. ५० मिलिमीटरचे भिंग २५ मिलिमीटर पुढे नेल्यास प्रतिमा वस्तूच्या निम्मी होते. पूर्ण ५० मिलिमीटर पुढे नेल्यास वस्तूएवढीच होते. या दुसऱ्या स्थितीला ‘एकास एक’ म्हणतात. तेव्हा ३६ मिलिमीटर रुंद व २४ मिलिमीटर उंच पटलावर वस्तूचा तेवढाच भाग मावतो, आणि एखादी मधमाशी चौकटीचा बराचसा भाग व्यापते.

हा नियम एका प्रसिद्ध भिंगाला लावून पाहावा. ‘हेलिऑस ४४-२’ हे सोव्हिएत बनावटीचे, ५८ मिलिमीटर केंद्रांतराचे भिंग फार मोठ्या संख्येने तयार झाले आणि आजही जुन्या बाजारात सहज आढळते. त्याची रचना येना येथील कार्ल त्साइस कारखान्याच्या ‘बायोटार’ भिंगावर आधारलेली आहे. पटलापासून अर्ध्या मीटरपेक्षा जवळची वस्तू त्याला स्पष्ट करता येत नाही. त्या टोकाच्या स्थितीत भिंग आपल्या आट्यावर सुमारे ९ मिलिमीटर पुढे आलेले असते, म्हणून विशालन जेमतेम ०.१५ होते. मोठे फूल टिपण्यास ते पुरे, मुंगीला नव्हे.

आता भिंग व कॅमेरा यांच्यामध्ये पोकळ विस्तारकडी घालावीत. एम-४२ आट्याच्या संचात बहुधा ७, १४ व २८ मिलिमीटर जाडीची तीन कडी असतात. केवळ १४ चे कडे लावले तर विशालन सुमारे ०.२४ ते ०.४० या टप्प्यात येते. तिन्ही एकत्र केली की ४९ मिलिमीटर होतात. त्यांत भिंगाच्या आट्याचे ९ मिळवले की बरोबर ५८. म्हणजेच केंद्रांतराइतका विस्तार, आणि एकास एक प्रतिमा. तीन पोकळ नळ्यांनी साध्या भिंगाची गती कोठवर वाढते हे यावरून ध्यानात यावे.

जवळच्या कामासाठीच घडवलेली भिंगे याच तत्त्वावर चालतात. १९५५ मध्ये आलेले किल्फिटचे ‘मॅक्रो-किलार’ हे लहान कॅमेऱ्यांसाठीच्या अशा भिंगांतील अग्रणी होय. जपानमध्ये निकॉनने १९५६ मध्ये ‘मायक्रो-निक्कॉर’ काढले आणि १९६१ मध्ये आरशाच्या कॅमेऱ्यासाठी त्याच नावाचे ५५ मिलिमीटरचे भिंग आणले. त्याच्या पुढील आवृत्त्या स्वतःच्या आट्यावर निम्म्या विशालनापर्यंत जातात, आणि सोबतचे २७.५ मिलिमीटरचे कडे लावले म्हणजे एकास एक गाठतात. ५५ चे निम्मे २७.५, दोन निम्म्या मिळून पूर्ण केंद्रांतर. कारखान्याचे गणित आणि शाळेतील गणित येथे एकच आहे.

उलटे भिंग आणि इतर युक्त्या

विस्तारकडी नसतील तर भिंग उलटे लावण्याची युक्ती आहे. ५० मिलिमीटरचे नेहमीचे भिंग उलटे करून आरशाच्या कॅमेऱ्यावर बसवले म्हणजे विशालन एकास एकच्या जवळपास जाते. यामागे केवळ हातचलाखी नसून कारण आहे. सामान्य भिंगाची पुढील बाजू दूरच्या वस्तूसाठी आणि मागील बाजू जवळच्या पटलासाठी आखलेली असते. विशालन एकाहून वाढले म्हणजे हा क्रम बदलतो. वस्तू जवळ असते आणि पटल दूर. अशा वेळी भिंगाचे तोंड फिरवले तर त्याची आखणी पुन्हा परिस्थितीशी जुळते आणि प्रतिमा अधिक स्वच्छ येते. मात्र उलट्या भिंगाची मागील काच उघडी पडते. ती धुळीपासून व धक्क्यापासून जपावी लागते.

दुसरी युक्ती जोडभिंगाची. लांब केंद्रांतराच्या भिंगाच्या तोंडाशी आखूड केंद्रांतराचे भिंग उलटे जोडावे. पहिल्याच्या केंद्रांतराला दुसऱ्याच्या केंद्रांतराने भागले की विशालन मिळते. १३५ मिलिमीटरच्या भिंगापुढे ५० मिलिमीटरचे उलटे भिंग म्हणजे २.७ पट. एवढ्या विशालनाला हात पुरेसा स्थिर राहत नाही, म्हणून ही जोडी टेबलावरच्या निश्चल वस्तूसाठी राखून ठेवावी: मेलेल्या माशीचा पंख, तिळाचा दाणा, मिठाचा स्फटिक.

तिसरे साधन गावोगावच्या जुन्या छायाचित्रशाळांच्या अंधारखोल्यांत सापडते. फिल्मवरून कागदी प्रती काढणाऱ्या यंत्राची भिंगे जवळच्या अंतरासाठी व सपाट पृष्ठासाठीच आखलेली असतात. त्यांपैकी पुष्कळांना ३९ मिलिमीटर व्यासाचा आटा असतो. त्यांना फोकसचा आटा नसतो. परंतु भात्यावर किंवा विस्तारनळीवर बसवून ती उत्तम काम देतात. अंधारखोल्या बंद झाल्यामुळे ही भिंगे अनेकदा भंगारात जातात, ही खेदाची गोष्ट आहे.

प्रकाश आणि खोली

निसर्ग एका हाताने देतो ते दुसऱ्या हाताने काही अंशी परत घेतो. भिंग पुढे नेले की तोच प्रकाश अधिक मोठ्या क्षेत्रावर पसरतो आणि प्रतिमा मंद होते. छिद्रांकाला ‘एक अधिक विशालन’ या संख्येने गुणले म्हणजे प्रत्यक्ष परिणामी छिद्रांक मिळतो. एकास एक या स्थितीत ही संख्या दोन होते. भिंगावर एफ/८ असे लिहिलेले असले तरी काम एफ/१६ प्रमाणे होते, आणि पटलावर एकचतुर्थांश प्रकाश पोहोचतो.

याहून कठीण प्रश्न खोलीचा आहे. छायाचित्रात पुढचे-मागचे किती अंतर स्पष्ट दिसते त्याला स्पष्टतेची खोली म्हणतात. ३६ गुणिले २४ मिलिमीटरच्या पटलावर नेहमीचे प्रमाण धरून हिशेब केला, तर एफ/८ ला निम्म्या विशालनात ही खोली सुमारे २.९ मिलिमीटर असते आणि एकास एकला सुमारे १ मिलिमीटर उरते. उडी मारून शिकार करणाऱ्या लहानशा कोळ्याचे पुढचे डोळे स्पष्ट आले तर त्याचे मागचे पाय धुक्यात जातात. म्हणून पाहणाऱ्याने अगोदरच ठरवावे लागते की, या प्राण्याचे काय दाखवावयाचे आहे. डोळे दाखवावयाचे असल्यास समोरून, पंखांवरील नक्षी दाखवावयाची असल्यास पटल पंखाला समांतर ठेवून. जेथे खोली कमी तेथे विचार अधिक, असा हा व्यवहार आहे.

छिद्र लहान करीत गेले तर खोली वाढते, परंतु अनिर्बंध नव्हे. प्रकाश ही तरंगरूप वस्तू आहे. अतिशय लहान छिद्रातून जाताना ती पसरते. या घटनेला विवर्तन म्हणतात. त्यामुळे बिंदूची प्रतिमा बिंदू न राहता लहान चकती होते. हिरव्या प्रकाशासाठी परिणामी छिद्रांक १६ असता ही चकती सुमारे ०.०२ मिलिमीटर व्यासाची, तर छिद्रांक ३२ असता ०.०४ मिलिमीटरहून मोठी होते. एकास एक विशालनात भिंगावर एफ/१६ ठेवणे म्हणजे प्रत्यक्षात एफ/३२ ठेवणे होय. खोली दुप्पट होते, पण सारे चित्रच किंचित मऊ पडते. म्हणून एफ/५.६ ते एफ/११ हा मध्यममार्ग बहुधा हितकर ठरतो. अधिक खोली हवी असल्यास निश्चल वस्तूची अनेक चित्रे थोडथोडे पुढे सरकत घेतात आणि संगणकावर त्यांतील स्पष्ट भाग एकत्र करतात.

हालचालीचा दोषही विशालनाबरोबर वाढतो. २४ दशलक्ष बिंदूंच्या मोठ्या पटलावर एका बिंदूची रुंदी सुमारे ०.००६ मिलिमीटर असते. एकास एक स्थितीत वाऱ्याने पान दशांश मिलिमीटर जरी हलले तरी प्रतिमा सोळा-सतरा बिंदूंवरून फरफटत जाते. यासाठी पहाटेनंतरची निवांत वेळ उत्तम. वारा पडलेला असतो, ऊन कोवळे असते आणि गारव्यामुळे कीटक सुस्त असतात.

गुण म्हणून मिरवणारे दोष

जुन्या भिंगांची चित्रे काही रसिकांना विशेष आवडतात. या आवडीमागे जादू नसून प्रकाशकीचे नियम आहेत. हेलिऑसचे छिद्र पूर्ण उघडे ठेवून पानांच्या जाळीपुढे एखादे फूल टिपले, तर मागील प्रकाशाचे ठिपके फुलाभोवती भोवऱ्यासारखे फिरताना दिसतात. चित्राच्या मध्यापासून दूर जाणारे किरण भिंगाच्या नळीच्या कडांमुळे काही अंशी अडतात. म्हणून मध्यभागी गोल असणारे ठिपके कडेला बदामाच्या आकाराचे होतात आणि मध्याभोवती वर्तुळाकार रांगेत उभे राहिल्याचा भास होतो. भिंगातील इतर विपथनांचीही त्यात भर पडते. छिद्र लहान केले की भोवरा नाहीसा होतो.

तीन काचांच्या काही भिंगांत ठिपक्यांच्या कडा उजळ होऊन साबणाच्या फुग्यांसारख्या दिसतात. गोलीय विपथन गरजेपेक्षा अधिक दुरुस्त केल्याचा तो परिणाम होय. सौंदर्यासाठी असे दोष कोणी खुशाल वापरावेत. परंतु कीटकाच्या पायावरील केस मोजावयाचे असतील, तर तेच दोष दिशाभूल करतात. चित्र शोभेचे आहे की पुराव्याचे, हे छिद्र निवडण्यापूर्वी मनाशी निश्चित असावे.

आणखी एक भेद काचेवरील लेपाचा. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. आठ पृष्ठे असलेल्या भिंगात अशा रीतीने चतुर्थांशाहून अधिक प्रकाश वाया जातो, आणि त्यातील काही भाग आतल्या आत परावर्तित होऊन चित्रावर पांढुरकी छटा आणतो. १९३५ मध्ये त्साइस कारखान्यातील अलेक्झांडर स्माकुला यांनी पातळ लेपाने हे परावर्तन कमी करण्याची रीत शोधली. तरीही जुन्या भिंगांचे लेप आजच्या तुलनेने साधे असतात. म्हणून तोंडाशी काळ्या कागदाची नळी लावून आडवा उजेड अडवावा.

भिंगाचे आरोग्य

भारतातील जुन्या भिंगाचा मोठा वैरी म्हणजे पावसाळा. हवेतील दमटपणा दीर्घ काळ वाढलेला राहिला की काचेवर बुरशी धरते. तिचे पांढरे, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू उजेडासमोर धरल्यावर दिसतात. बुरशीतून स्रवणारी आम्ले प्रथम लेपाला व नंतर काचेला कोरतात. एकदा काच कोरली गेली म्हणजे पुसून उपयोग नसतो. कातडी पेटी ओलावा धरून ठेवते, म्हणून शोभिवंत असली तरी ती साठवणुकीस अयोग्य होय. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून भिंग ठेवावे, पुड्या वेळोवेळी वाळवाव्यात आणि डब्यातील आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या आसपास राखावी. सर्वांत स्वस्त उपाय मात्र भिंग वापरत राहणे हाच आहे. उजेड आणि वारा बुरशीला मानवत नाहीत.

विकत घेताना भिंगाच्या मागून विजेरीचा प्रकाश टाकून पाहावे. धुळीचे चार कण चित्रात दिसत नाहीत. बुरशीचे जाळे, काचांमधील धुरकटपणा व छिद्राच्या पात्यांवरील तेल हे मात्र खरे दोष होत. फोकसचे कडे सर्वत्र सारख्या ओढीने फिरावे.

काही जुन्या भिंगांच्या काचेत थोरियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य असते, हेही माहीत असावे. १९४० च्या दशकापासून १९७० च्या दशकापर्यंत काही कारखान्यांनी काचेचा अपवर्तनांक वाढवण्यासाठी थोरियमचे ऑक्साइड वापरले. असाही ‘५० मिलिमीटर, एफ/१.४’ या मापाच्या सुपर-टाकुमार भिंगांचा पुष्कळ बोलबाला आहे. केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूत सापडते तेच हे थोरियम. त्याचे अर्धायुष्य सुमारे १,४०० कोटी वर्षे आहे, तेव्हा भिंग जुने झाले म्हणून किरणोत्सार ओसरत नाही. किरणांच्या माऱ्याने अशी काच कालांतराने पिवळी पडते. कॅमेऱ्यावर लावून वापरण्यात भीतीचे कारण नाही. परंतु ती काच घासू वा फोडू नये, डोळ्याशी धरावयाच्या दुर्बिणीसारख्या उपकरणात बसवू नये आणि मुलांना खेळण्यास देऊ नये.

तीन सावधगिऱ्या आणखी सांगितल्या पाहिजेत. भिंगातून सूर्याकडे कधीही पाहू नये. उघडे भिंग उन्हात ठेवू नये. ते सूर्याची प्रतिमा एका बिंदूत आणून कागद वा कापड पेटवू शकते. आणि जुना फ्लॅशदिवा नव्या कॅमेऱ्यावर तपासल्याखेरीज लावू नये. अशा काही दिव्यांच्या जोडणीवर २०० व्होल्टहून अधिक दाब असतो आणि त्याने नव्या कॅमेऱ्याचे विद्युत्मंडल बिघडू शकते.

कुंडीपाशी एक सकाळ

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळता येईल. नवा कॅमेरा जुन्या भिंगाला ओळखत नाही. म्हणून त्याच्या सूचीतील ‘भिंगाविना झडप उघडावी’ ही मुभा प्रथम चालू करावी. नंतर मोजपट्टी सपाट ठेवून तिचे एक चित्र घ्यावे. पटलाची रुंदी ३६ मिलिमीटर असून चित्रात पट्टीचे ७२ मिलिमीटर दिसत असतील, तर विशालन निम्मे आहे. ही नोंद वहीत करून ठेवावी. पुढे त्याच मांडणीत टिपलेल्या प्रत्येक कीटकाची लांबी तिच्यावरून काढता येते.

हेलिऑस ४४-२ वर छिद्राची दोन कडी असतात. एकावर हवा तो अंक आधी ठरवून ठेवतात आणि दुसऱ्याने छिद्र उघडतात व मिटतात. छिद्र पूर्ण उघडून उजळ प्रतिमेवर फोकस जुळवावा, मग दुसरे कडे फिरवून छिद्र ठरलेल्या अंकावर आणावे. आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात प्रतिमेचा हवा तो भाग मोठा करून पाहता येतो. या सोयीचा अवश्य उपयोग करावा. विशालन अधिक असता कडे फिरवीत बसण्यापेक्षा ते एकदा ठरवून स्वतःच किंचित पुढे-मागे झुकणे सोयीचे पडते. कोपर भिंतीला वा गुडघ्याला टेकवावे. सावली पडलेल्या बाजूला पांढरा पुठ्ठा धरला की तेवढ्याने अळीच्या पोटाखालचे पाय उजळतात.

एकास एक स्थितीत ५० मिलिमीटरच्या भिंगापासून वस्तू सुमारे १०० मिलिमीटरवर येते, आणि भिंगाची नळी व तोंड यांमुळे मोकळी जागा त्याहून कमी उरते. बुजरा कीटक एवढे सान्निध्य सहन करीत नाही. अशा वेळी १०० किंवा १३५ मिलिमीटरचे भिंग घ्यावे. विस्तार अधिक लागतो, पण अंतर राखता येते. अळी मात्र आपल्या जागी पाने खात राहते, म्हणून नवशिक्याने अळीपासूनच प्रारंभ करावा. तिला काडीने डिवचले तर डोक्यामागून ती दुभंगलेले, उग्र वासाचे शिंग बाहेर काढते. ते दृश्य चित्तवेधक असले तरी त्यासाठी तिला छळू नये. ते तिचे भयाचे लक्षण होय. कीटक हलू नये म्हणून त्याला शीतपेटीत गारठवण्याची रीत काही ठिकाणी आढळते. तिचाही त्याग करावा. गारठलेल्या कीटकाचे चित्र स्पष्ट येईल, परंतु ते त्याच्या जीवनाचे चित्र असणार नाही.

अळीचे रोज एकाच वेळी, एकाच विशालनात चित्र घेतले तर तिची वाढ, कात टाकण्याचे दिवस, रंगातील पालट आणि शेवटी कोश असा क्रमवार इतिहास तयार होतो. कधी हा इतिहास मध्येच तुटतो. अळी निस्तेज होते आणि तिच्या अंगातून गांधीलमाशीच्या जातीच्या परोपजीवी कीटकाची पिले बाहेर पडतात. निरीक्षकाला क्षणभर वाईट वाटते; परंतु त्याच चित्रामुळे झाडाचा शत्रू आणि त्या शत्रूचाही शत्रू यांचे नाते डोळ्यांसमोर येते. कोशातून फुलपाखरू बाहेर आले आणि पंख वाळवीत निवांत बसले, तर एकास एक विशालनात पंखांवरील खवले दिसू लागतात. एका खवल्याची रुंदी ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असते. वर सांगितलेल्या पटलावर ती सुमारे आठ बिंदू व्यापते. छपरावरील कौलांप्रमाणे एकावर एक बसलेल्या या खवल्यांनीच पंखांचा रंग घडतो.

एका चित्राचे मोल

प्रत्येक चित्रासोबत दिनांक, वेळ, ठिकाण, झाडाचे नाव आणि विशालन यांची नोंद असली पाहिजे. नोंद नसलेले चित्र पाहणाऱ्याला आनंद देते. नोंद असलेले चित्र दुसऱ्याच्याही उपयोगी पडते. कीटकांच्या असंख्य जातींपैकी कोणती जात कोठे, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या झाडावर आढळते, याची माहिती अद्याप अपुरी आहे. मोठी अभयारण्ये अभ्यासकांच्या नजरेत असतात. शाळेचे कुंपण, चाळीमागची रुई आणि ग्रंथालयाच्या ओलसर भिंतीवरील दगडफूल यांच्याकडे पाहणारे फार थोडे. आज तेथे जो कीटक आहे तो दहा वर्षांनी असेलच असे नाही. तो नाहीसा झाल्यावर तो कधी काळी तेथे होता हे सांगणारे चित्र पुन्हा घेता येणार नाही.

फ्रान्समधील कीटकशास्त्रज्ञ झाँ-आँरी फाब्र यांनी १८७९ पासून आयुष्याची उर्वरित वर्षे सेरिन्यां गावातील आपल्या घराभोवतीच्या माळजमिनीत कीटक पाहण्यात घालवली. त्यांच्यापाशी जमिनीचा तुकडा आणि चिकाटी होती. आजच्या विद्यार्थ्याला तुकड्याऐवजी कुंडी मिळेल आणि सोबत एक जुने भिंग. हाताने फिरवावयाचे ते कडे त्याला घाई करू देणार नाही. छिद्र, प्रकाश, अंतर आणि कीटकाचा स्वभाव या चौघांचा मेळ बसेपर्यंत थांबावे लागेल. त्या थांबण्यातच पाहणे घडते. कपाटातील भिंग बुरशीच्या स्वाधीन होण्यापूर्वी आणि पालवीवरील अंडे फुटण्यापूर्वी ही भेट घडवून आणणे प्रत्येक शाळेला शक्य आहे.